बिनटपाची

साडी नेसून ह्या गाडीत बसायचं कसं, हा विचार ज्यानं गाडी केली त्याच्या डोक्यात कधी आलाच नव्हता. आधी पाठमोरं व्हायचं, बूड सीटवर टेकवायचं, म्हणजे जवळजवळ भुईवरच टेकवायचं. मग निऱ्या एका हातात गोळा करून दोन्ही पाय एकदम उचलून आत घ्यायचे आणि समोर लांब सोडायचे, कारण ह्या गाडीत माणूस बसत नाही, पसरतो. उतरताना हेच सगळं उलटं. तेलगावच्या फाट्यावर माझं बांगड्या-कटलरीचं दुकान आहे. सकाळी गाडी दुकानासमोर थांबली की चहावाला, पंक्चरवाला आणि एसटीची वाट बघणारी झाडून सगळी माणसं आधी माझं उतरणं बघायची. पहिला महिना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर म्हटलं, बघा, डोळे भरून बघा, तिकीट नाही.

गाडी म्हणजे काय, तर साठ वर्षांपूर्वी इंग्रज लोक हौसेनं चालवायचे तसल्या दोन सीटच्या उघड्या गाडीची नक्कल. लांबलचक बोनेट, दोन गोल दिवे, मागं एवढंसं ढुंगण, रंग गर्द हिरवा, आणि डोक्यावर काही नाही. आमच्याकडं जीपच्या छपराला टप म्हणतात. हिला टप नव्हता, म्हणून सगळा गाव तिला बिनटपाची म्हणायचा. कागदावर मात्र ती व्हॅन होती. खालचं इंजिन आणि गिअर भंगारात निघालेल्या एका जुन्या व्हॅनचे, म्हणून कागदही त्या व्हॅनचेच. एकदा एका हवालदारानं मला अडवलं. त्यानं कागद बघितले, गाडी बघितली, परत कागद बघितले. म्हणाला, "ताई, व्हॅन कुठाय?" मी म्हणाले, "हीच." तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि कागद परत देत म्हणाला, "जावा बाई. माझ्या डोक्याला ताप नको."

ही गाडी केली आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं. लग्नानंतर काही वर्षं ते पुण्याकडं फायबरच्या कारखान्यात होते, बसच्या सीटा, पाण्याच्या टाक्या असलं करायचे. तिथं कुठल्यातरी साहेबाची तसली गाडी दुरुस्तीला आली होती. तिचा एक फोटो त्यांनी पाकिटात ठेवला. माझा कधी ठेवला नाही. पुढं गावाकडं येऊन फाट्यावर वेल्डिंगचं दुकान टाकलं, ग्रिलं, गेटं, उसाच्या ट्रॉल्या. एकुलती एक लेक लग्न होऊन सासरी गेली आणि घर मोकळं झालं, तर दुसऱ्याच महिन्यात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ह्यांनी तो फोटो खिळ्याला टांगला.

तीन वर्षं लागली. चौकोनी पाईपचा सांगाडा केला, लाकूड आणि प्लास्टरचा साचा केला, त्यावर फायबरचे थर चढवले, घासले, परत चढवले. माझ्या भाकरीला सुद्धा रेझिनचा वास यायचा. रात्री अंगाला खाज सुटली की समजायचं, आज फायबर घासलंय. सीटांची कव्हरं मी शिवली, पोटमाळ्यावरच्या जुन्या गादीचा कापूस भरून. गाव हसायचा. "लग्नाला आलेली पोर उजवली, आता म्हातारपणी खेळणं करतोय," असं माझ्या तोंडावर म्हणायचे. मीही कमी बोलले नाही. पण ज्या दिवशी गाडी शेडबाहेर निघाली त्या दिवशी ह्यांच्या उजव्या हाताकडं माझं लक्ष गेलं. तो हात बोनेटवरून असा फिरत होता की मला बघायला संकोच वाटला. साचा त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात फोडून टाकला. म्हणाले, "परत करायची न्हाई. एकीतच जीव निघाला."

शोभेला मात्र त्यांनी ती एक दिवस ठेवली नाही. "गाडी उभी राहिली की मरती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रोज घर ते दुकान, दुकान ते घर. शेजारच्या सीटवर कधी वेल्डिंगच्या काड्यांचं खोकं, कधी सरकी पेंडीचं पोतं, तेही पट्ट्यानं बांधलेलं. चतुर्थीला लिंबागणेशला आम्ही दोघं ह्याच गाडीतून जायचो आणि परत येताना माझ्या केसांतून मूठभर माती निघायची. मला गाडी शिकवली ती पण जबरदस्तीनं. मी म्हणायची, मला कशाला शिकवता, मी काय शर्यतीला जाणार हाय? ते म्हणायचे, "शिकून ठिव. मला ताप आला तर तिला कोण फिरवील?" मला नाही, तिला. गाडीची काळजी, बायकोची नव्हे.

आणि ताप नाही आला, वारं आलं. अडीच वर्षांपूर्वी एका गेटाचं बिजागर लावता लावता अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एका झटक्यात. दवाखान्यात तेवीस दिवस होतो. पाय थोडा परत आला, हात आला नाही, आणि बोलण्यातला एकच शब्द परत आला. हाव. आमच्याकडं होकाराला हाव म्हणतात. पाणी देऊ का, हाव. नको का, हाव. तुमचं गाव कुठलं, हाव. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं की त्यांना आतून सगळं कळतं, बोलायचंही बरोबर असतं, पण बाहेर पडताना प्रत्येक शब्दाचा तोच एक शब्द होतो. मी विचारलं, मग मला कळायचं कसं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू कळेल.

घरी आणल्यावर ते भिंतीकडं तोंड करून पडले ते पडलेच. व्यायाम नाही, दाढी नाही, घास भरवला तर गिळायचे. भाऊबंद यायचे, बसायचे, "हिंमत ठेवा" म्हणायचे, जायचे. पंधरा दिवस असं गेलं. एके सकाळी दुकानाच्या किल्ल्या शोधताना मला गाडीची किल्ली सापडली. म्हटलं, बघू तरी, चालू होते का. शेडमध्ये जाऊन चोक ओढला, दोनदा खोकली आणि सुरू झाली. मी परत घरात आले तर हे उठून बसलेले. डावा हात भिंतीला लावून, पाय खाली सोडून, दाराकडं बघत बसलेले.

त्या दिवसापासून माझं रोजचं ठरून गेलं. शेजारचे दोघं भाऊ यायचे, एक काखेत हात घालायचा, दुसरा गुडघे धरायचा, आणि तिघं मिळून ह्यांना त्या बुटक्या सीटवर उतरवायचो. उतरवायचोच म्हणायचं, विहिरीत बादली सोडल्यासारखं. मग घर ते फाटा. ते दिवसभर माझ्या दुकानात खुर्चीवर बसायचे आणि गाडी समोर दिसेल अशीच खुर्ची पाहिजे असायची. आठवड्यातून तीन दिवस माजलगावला व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडं. रिक्षा सांगितली की पाय घट्ट रोवायचे, हलायचे नाहीत. बिनटपाची असली की स्वतःहून दाढीचं खोकं पुढं करायचे. एकदा क्लचची तार तुटली आणि गाडी चार दिवस गॅरेजला राहिली. चारही दिवस तोंड परत भिंतीकडं. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "माणसाला उठायला काहीतरी कारण लागतं. त्यांना ते आहे, तुम्ही फक्त टिकवा." एवढं सोपं सांगितलं त्यांनी. टिकवा. मी वेळेवर चोक ओढायचा आणि माझा माणूस उठून बसायचा, हा आमचा व्यवहार होता. गाडी गेली की माणूस गेला, हे मला तेव्हाच कळून चुकलं होतं.

पण ती गाडी चालवणं म्हणजे काय होतं, हे मला विचारा. गतिरोधक आला की तिरकी घालायची, तरी पोटाला घासायचीच, आणि घासली की शेजारून एक तोंडातून श्वास ओढल्याचा आवाज. उसाचा हंगाम सुरू झाला की समोर दोन दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, आणि माझं डोकं त्यांच्या चाकाच्या आसाच्या उंचीवर. वरून पाचट पडायचं ते थेट मांडीवर. शेळ्यांचे कळप आडवे आले की शेळ्या आत वाकून बघायच्या. एकीनं माझ्या मांडीवरची भाकरीची पिशवी उचलली, तिच्या मालकानं माफी मागायची सोडून फोटो काढला. ऊन असलं की स्टिअरिंगला हात लावता यायचा नाही. मला पन्नाशी लागलेली, कंबर आधीच गेलेली. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं म्हणतात, तसं मी शिंगरू झाले होते. तरी एक सांगते, वडवणीकडच्या सरळ रस्त्याला एखाद्या सकाळी वारा तोंडावर यायचा, मी चौथा गिअर टाकायची आणि हे डावा हात बाहेर काढून दारावर थाप मारायचे. तेव्हा बरं वाटायचं. लई बरं वाटायचं.

ह्याच फेऱ्यांमध्ये मला त्यांचा नकार ओळखायला आला. होकाराचा हाव सुटा असायचा, म्हणून झाला की ते दुसरीकडं बघायचे. नकार असला की तोंडानं हावच म्हणायचे, पण डाव्या हातानं माझा पदर धरायचे. घट्ट, बोटं पांढरी होईपर्यंत. एकदा हे कळल्यावर आमचं बरंच निभायला लागलं.

सगळं नाही निभायचं. पौष महिन्यात माजलगावहून येताना गाडी मधेच बंद पडली. मागं ट्रॅक्टर, पुढं बैलगाड्या, हॉर्नचा नुसता कल्ला. मी उतरले, बोनेट उघडलं. आत तारा आणि नळ्यांचा गुंता, मला त्यातलं काय कळणार. आणि ज्यानं त्यातली एकूण एक तार स्वतःच्या हातानं जोडली तो पाच फुटांवर बसलेला, काय बिघडलंय ते त्याला आवाजावरूनच कळलेलं. दोन माणसांशिवाय त्याला उठता येत नाही, आणि उघडलेल्या बोनेटमुळं आतलं दिसत नाही. मी एकेक तार हातात धरून बाजूनं डोकं काढून विचारायला लागले. ही का? हाव. ही का मग? हाव. नळी हाय का? हाव. मी इतक्या लांब, पदर धरायला कुठून मिळणार. मागचा ट्रॅक्टरवाला ओरडत होता. माझा तोल गेला. मी म्हणाले, "गाडी करता आली, सांगता येत न्हाई व्हय?"

ते माझ्याकडं बघत राहिले. मग डावा हात उचलून स्वतःच्या तोंडावर मारून घेतला. परत मारला. तिसऱ्यांदा उचलला तोवर मी धावत जाऊन धरला. मागचा ट्रॅक्टरवाला ओरडायचं थांबून खाली उतरला होता. त्यानं पेट्रोलची नळी काढली, तोंडानं फुंकली, थुंकला, परत लावली. गाडी सुरू झाली. तेलगावपर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडं न बघता आलो.

पुढं उन्हाळ्यात नणंदेच्या पोराचं लग्न निघालं. नणंद तलवाड्याला दिलेली. लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला नेतात, त्याला परण्या म्हणतात. कुणी घोडा आणतं, कुणी सजवलेली जीप. चांगले होते तेव्हा आमच्या मालकांनी गाडी परण्याला कुणालाच नाही म्हटलं नव्हतं, पण चालवायला स्वतः बसायचे आणि नवरदेव सोडून दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. आता नणंद घरी आली, भावाच्या शेजारी बसली आणि चार माणसांसमोर विचारलं, "दादा, भाच्याच्या परण्याला मामाची गाडी पाहिजे. देणार ना?"

"हाव," ते म्हणाले. आणि माझा पदर धरला.

मी म्हणाले, "आक्का, त्यांची इच्छा न्हाई." नणंदेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझ्या कानानं ऐकलं. दादानं शब्द दिलाय. तू मधी कोण?" बसलेल्या वडीलधाऱ्यांनीही मान डोलवली. घरच्या कर्त्या पुरुषानं चारचौघांत हाव म्हटलं की ते झालं, मग त्याला बाकी काही बोलता येतं का नाही, हे कुणी बघत नाही. आणि मामानं भाच्याच्या लग्नात हात आखडला ही बोलणी जन्मभर मलाच खावी लागली असती. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मी परण्याची तारीख विचारून घेतली.

तलवाड्यापर्यंत मीच चालवत नेली. तिथं नवरदेवाच्या मित्रानं किल्ली मागितली, मी दिली. ह्यांना मारुतीच्या पारासमोर खुर्चीवर बसवलं. वाजंत्री वाजत परण्या आला. नवरदेव मागच्या कडेवर वर बसलेला, पाय सीटवर. पुढं नाचणारी पोरं. नाचता नाचता एकानं बोनेटवर पाय दिला आणि वर चढला. हे खुर्चीवरून पुढं झुकले आणि ओरडले, "हाव!" वाऱ्यानंतर एवढा मोठा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता. "हाव! हाव! हाव!" पोरांनी वळून बघितलं. एक जण हसत म्हणाला, "मामा खूश हाय बे, चढा चढा." अजून तिघं चढले. मी गर्दीच्या पलीकडं बायकांत होते. ढकलत ढकलत पुढं येईपर्यंत काडकन आवाज झाला. पत्रा असता तर दबला असता. फायबर दबत नाही, फाटतं. दिव्यापासून काचेपर्यंत बोनेट चिरलं आणि एका पोराचा पाय मांडीपर्यंत आत गेला.

तेव्हाही ते हावच म्हणत होते, पण आता हळू.

मग मी जे तोंड सोडलं ते तलवाड्याला अजून आठवत असेल. लग्नघर बघितलं नाही, वडीलधारे बघितले नाहीत. मी म्हणाले, ह्या माणसाजवळ एकच शब्द उरलाय आणि तुम्ही सगळे तो फुकटचा लुटताय. नको म्हणायचं असलं तरी ते हावच म्हणतात. ते किंचाळत होते आणि तुम्हाला वाटलं नाचायला सांगतायत. आजपासून त्यांना काही विचारायचं असेल तर मला विचारायचं. त्यांच्या मनातलं एक मला कळतं, दुसऱ्या कुणाला नाही. नणंद रडली. ज्या पोराचा पाय बोनेटमध्ये गेला होता तो येऊन मालकांच्या पायावर डोकं ठेवून गेला. दीर, म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ, मला म्हणाला, "वहिनी, चुकलं आमचं. इथून पुढं तुमी म्हणताल ते."

आणि खरंच तसं झालं. बँकेतले साहेब, जमिनीच्या मोजणीला आलेला माणूस, पाहुणे, सगळे आधी ह्यांना विचारायचे, मग माझ्या तोंडाकडं बघायचे. मी बघून सांगायची, हो म्हणतेत, नको म्हणतेत. ह्यांचा चेहरा निवळलेला असायचा. मी त्यांचं तोंड झाले होते. खोटं कशाला बोलू, मला त्याचा थोडा तोरा पण होता.

बोनेट माजलगावच्या एका गॅरेजमध्ये लांबी-पुट्टी भरून जोडून घेतलं. हिरवा रंग मिळाला नाही, मिळाला तो दुसराच हिरवा. मालकांनी त्या जोडावरून डावा हात एकदा फिरवला आणि मागं घेतला. त्यांच्या उजव्या हाताला ते अर्ध्या दिवसाचं काम होतं. तरी रोज सकाळी दाढीचं खोकं पुढं यायचं, चोक ओढला जायचा, आम्ही निघायचो. पण माझ्यातलं काहीतरी संपत आलं होतं. क्लच इतका जड झाला की रात्री माझा डावा पाय आपोआप उडायचा. फाट्यावर गाडी थांबली की मला आता पाच मिनिटं उतरताच यायचं नाही.

परतीच्या पावसानं मला मोडलं. व्यायामाहून येताना भर दुपारी आभाळ फुटलं. वर टप नाही, ताडपत्री टाकली तर ती वाऱ्यानं उडाली. ओढ्यावरच्या पुलाशी गाडी गचके खाऊन बंद पडली. तासभर आम्ही दोघं भिजत बसलो. मी त्यांच्या डोक्यावर दुकानातली रिकामी बांगड्यांची पेटी धरली होती. शेवटी दोन वाटसरू आले. त्यांनी ह्यांना उचलायला हात घातला, पण असल्या गाडीतून माणूस कसा काढायचा हे त्यांना काय माहीत. एकानं काखेत धरलं, दुसऱ्यानं धरायच्या आधीच ओढलं. मालक तोंडावर पडले, काळ्या चिखलात. मी त्यांना सरळ केलं तेव्हा नाकातोंडात चिखल होता आणि ते मला बघून हसायचा प्रयत्न करत होते. त्यानंतर नऊ दिवस ताप. नऊ दिवस मी त्यांच्या छातीचा आवाज ऐकत बसले आणि गाडीला शिव्या दिल्या. करणाऱ्याला पण दिल्या, मनातल्या मनात.

ताप उतरल्यावर दीर आला. फाट्याच्या अलीकडं एक मंगल कार्यालय झालंय, त्याच्या मालकाला गाडी पाहिजे होती. दारात चौथऱ्यावर ठेवायची, नवरानवरीचे फोटो काढायला. दीर मला म्हणाला, "वहिनी, टप असलेली एखादी चांगली व्हॅन घेऊ. दादाला सरळ बसता येईल. तुमचंबी वय झालं." मी म्हणाले, त्यांना विचारल्याशिवाय नाही. तो म्हणाला, "विचारू की."

दुसऱ्या दिवशी दोघं आले. कार्यालयाचा मालक माणूस सज्जन. त्यानं आधी ह्यांच्या पायाला हात लावला, म्हणाला, "दादा, असलं काम मी जिल्ह्यात बघितलं न्हाई. लई जपून ठेवीन. देता का?"

"हाव," हे म्हणाले. हळू आवाजात, एकदाच. मी पलंगावर त्यांच्या शेजारी बसले होते. पदर ओढला गेला.

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. दीर म्हणाला, "वहिनी, तुमी सांगा. काय म्हणतेत दादा?"

डॉक्टरीणबाईंचं सगळं मला आठवत होतं. भिंतीकडं केलेलं तोंड आठवत होतं. त्या तोंडातला चिखल पण आठवत होता. मला दोन्हींची भीती वाटत होती, आणि त्याहीपेक्षा उद्या सकाळच्या चोकची. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. समोरच्या माणसाकडं बघत म्हणाले, "हो म्हणतेत."

पदर सुटला नाही. कार्यालयाचा मालक हात जोडून आभार मानत होता, चहा तरी टाकायला हवा होता. मी एकेक बोट उकलून पदर सोडवला आणि स्वयंपाकघरात गेले.

आता व्हॅन आहे. उंच सीट, वर टप, स्टिअरिंग हलकं. ते भिंतीकडं तोंड करून पडले नाहीत, डॉक्टरीणबाईंचं आणि माझं दोघींचं चुकलं. दाढी करून घेतात, व्हॅनमध्ये बसतात, व्यायामाला येतात, सांगितलेलं सगळं करतात. कार्यालयासमोरून जाताना मी वेग वाढवते आणि ते समोर बघतात.

परवा डॉक्टरीणबाईंनी त्यांचा गुडघा दाबून विचारलं, "इथं दुखतं का?" ते म्हणाले, "हाव." बाईंनी सवयीनं माझ्याकडं बघितलं. मी शेजारीच बसले होते, पदर त्यांच्या डाव्या हाताजवळच होता, मुद्दाम तसा ठेवला होता. हात मांडीवर पडून राहिला. पाणी पाहिजे का म्हटलं तरी आता तो असाच असतो, नको का म्हटलं तरी असाच.

बाई थांबून राहिल्या होत्या. मी म्हणाले, "मला न्हाई सांगता येत."